एक दीर्घ, दोन ऱ्हस्व

३ मार्च

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आईवडिलांनी ठेवलेले नाव बाजूला सारून मामीने ठेवलेल्या नावाने तुला हाक मारीत आहे. त्यावरून ओळख, की हे पत्र तिचे आहे. लिहिणारा हात तेवढा माझा.

तिचा संगणक परवा सकाळपासून सुरू होत नाही.

तू सुटीत येऊन तुझा कॉलेजातला जुना संगणक तिच्या खाटेशी मांडलास, तो दिवस मला आठवतो. पडद्यावर वर्णमाला, तिच्यावरून सरकणारा उजेडाचा चौकोन आणि हव्या अक्षरावर चौकोन आला की दाबायचा दट्ट्या. त्या वेळी तिचे दोन्ही हात चालत होते, वाचाही होती, आणि तुझ्या त्या उद्योगाला आम्ही दोघे हसलो होतो. स्नायू झिजवत नेणाऱ्या या आजारात आज उजव्या तर्जनीवाचून तिच्याजवळ काही उरलेले नाही, आणि त्या यंत्रावाचून त्या तर्जनीला अर्थ उरलेला नाही.

घाईचे कारण वेगळेच आहे. तिचा श्वास अपुरा पडू लागला आहे. घशाला छिद्र पाडून नळी बसवली, तर ती आणखी काही वर्षे जगू शकेल, मात्र श्वासयंत्राला बांधलेली. न बसवल्यास फार दिवस नाहीत. "महिनाअखेरपर्यंत ठरवा. पण तुम्ही नाही, त्यांनी ठरवायचं," असे डॉक्टरांनी मला बजावले. मी तिला विचारले. तिने पडद्यावर लिहिले : "उद्या सांगते". आणि उद्या यंत्र उठलेच नाही.

मला काय वाटते, हा प्रश्न नाही. ती जगावी, एवढेच मला वाटते. पण म्हणूनच तिच्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार मला नाही.

काय करावे, ते क्रमाने आणि पूर्ण वाक्यांत कळव. दूरध्वनी करू नकोस. हल्ली सर्वांचेच उच्चार इतके पुचाट झाले आहेत, की शब्द तोंडातून निघण्यापूर्वीच विरघळतात. पत्रातले शब्द निदान जागचे हलत नाहीत.

तुझा
मामा

७ मार्च

ती. मामा,

नमस्कार. पत्र साइटच्या गाडीनं आज आलं. तुम्ही नको म्हटलंत तरी मी लगेच फोन केला. तीनदा केला. रिंग वाजून वाजून बंद पडली. कुठे होतात?

मला लगेच निघायचं होतं, पण डोंगराच्या पोटातलं हे वीजघर सध्या उघडून ठेवलंय. पात्यांपासून पॅनेलपर्यंत सगळं सुटं पडलंय आणि पॅनेलं माझ्याकडे आहेत. साहेबांकडे रजा मागितली तर म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर हे परत जोडणार कोण, मी?" महिनाअखेरीआधी सुटका दिसत नाही.

तेव्हा आता तुम्हीच माझे डोळे. बटण दाबल्यावर डब्याचा पुढचा दिवा लागतो का बघा. मागे पंखा फिरतो का बघा. मॉनिटरवर काही उमटतं का, निदान क्षणभर? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, डब्यातून पीं असा आवाज येतो का? ही जुनी मशिनं आजारी पडली की कुठे दुखतंय ते स्वतःच ओरडून सांगतात. आवाज किती वेळा आला, लांब आला की तुटक, त्यावरून मला इथे बसून रोग कळेल. आवाजच नसेल तर मात्र कठीण आहे.

दुसरं मशीन आणायला धावू नका. मामीच्या दट्ट्याची वायर जिथे खुपसलीय ती जुनी जागा नव्या मशिनांना नसतेच.

मामीला सांगा, भिंगरी मेलेली नाही, भुयारात गेलीय. आणि तिला "हो"साठी एकदा आणि "नाही"साठी दोनदा बोट दाबायला सांगा. तेवढ्यावर सध्या भागवा.

तुमची
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. एकतीस वर्षे मी बाजारातली वजने आणि मापे तपासली. दिसले नाही ते लिहिले नाही, आणि दिसले ते कोणाच्या भिडेने वगळले नाही. त्याच शिस्तीने लिहितो.

पुढचा हिरवा दिवा लागतो. मागचा पंखा फिरतो. तळहात लावून पाहिला, वारा लागतो. पडद्यावर काहीही उमटत नाही. आवाज नाही. डब्याला कान लावून पाहिले, एकदा डावा, एकदा उजवा. यंत्र पूर्णतः निःशब्द आहे.

तुझा दूरध्वनी येथे वाजलेला नाही. तुमच्या भुयारातील यंत्रणा एकदा तपासून घ्यावी. आमच्या दाराची घंटाही अशीच बिघडली आहे. परिचारिका बाई हल्ली दार बडवून आत येतात आणि वर माझ्याकडेच डोळे वटारून पाहतात. घंटा बदलायला सांगितली आहे.

तुझे उत्तर येईपर्यंत धीर धरवला नाही, म्हणून बाजारातून दुरुस्तीवाल्याला बोलावून आणले. त्याने डब्याला हातसुद्धा लावला नाही.

"आजोबा, हे कुठल्या खोदकामात सापडलं?" तो मोठ्याने म्हणाला.

"बटण तरी दाबून पाहा," मी म्हणालो.

"मढ्याची नाडी कशाला बघायची? भंगारात द्या. नवीन लावून देतो, पडदा एवढा मोठा, आजीला सिनेमे दिसतील."

मी त्याला दार दाखवले. जाताना तो आणखी काही पुटपुटला. ते ऐकू आले नाही, हे त्याच्या दृष्टीने बरेच झाले.

तुझा करार मामीला समजावून सांगितला. "समजले?" असे विचारताच तिने एकदा बोट दाबले. त्या एका होकाराने मला किती हायसे वाटले, ते कोणत्याही मापात सांगता येणार नाही. परंतु पुढचे काही जमत नाही. परिचारिका बाई सकाळी आपले काम आटोपून गेल्या, की मी यंत्र सुरू करून पाहतो, आणि नेमकी त्याच वेळी मामी अस्वस्थ होते. डोळे विस्फारते, बोट वळवळते. त्या डब्याचे मरण तिला पाहवत नसावे. डॉक्टरांना कळवले. त्यांनी शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या आहेत.

मामा

१५ मार्च

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र चारदा वाचलं. वाईट बातमी गोल गोल फिरवून सांगितलेली तुम्हाला चालत नाही, म्हणून सरळच लिहिते. दिवा आहे, पंखा आहे आणि आवाज नाही, याचा अर्थ बहुतेक मुख्य बोर्ड गेला. आवाज आला असता तर एखादा सुटा भाग दुखतोय म्हणता आलं असतं. मुकं मशीन म्हणजे मेंदूच गेलेला. तसा बोर्ड आता कुठे मिळत नाही. आमच्या स्टोअरवाल्यानं भंगाराचा ढीगसुद्धा उपसला. नव्या मशीनवर मी सगळं पुन्हा बसवीन, पण त्यासाठी मला तिथे यायला हवं, आणि मी पोचेपर्यंत तुमची मुदत संपलेली असेल.

एकच जुगार उरलाय. वायर काढून डबा उघडा. आत बोटभर रुंदीच्या हिरव्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या दिसतील, त्यांना रॅम म्हणतात. काढून त्यांची सोनेरी कड खोडरबरानं हलकेच घासा आणि खट् होईपर्यंत परत दाबून बसवा.

आणि यंत्राची वाट न बघता कागदावर अक्षरं लिहून एकेकावर बोट ठेवत जा. मामी हव्या अक्षराला दाबेल.

मामा, इथे मी डोंगर हलवणारी चक्रं फिरवते, आणि मामीचा एवढासा डबा मला उठवता येत नाही. साहेब आज विचारत होते, डोळ्यात काय गेलं. म्हटलं, खडीची धूळ.

भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. रॅम काढली, घासली, बसवली. खट् झालेले बोटांना जाणवले. उपयोग झाला नाही. दिवा, पंखा, अंधार.

कागदावर अक्षरे लिहून पाहिली. 'आ' या अक्षरावर तिने बोट दाबले. मी पुढे सरकलो तोवर गोळीच्या गुंगीने तिचे डोळे मिटले होते. नुसत्या 'आ'वरून मी काय समजावे? आग? आस? आटोप? दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आ' आणि पुन्हा झोप.

आता जे लिहितो, ते नीट वाच, कारण माझी मती कुंठित झाली आहे. नळीविषयी मी तिला रोज विचारतो. यंत्र सुरू करून पाहायचे, ते उठले नाही की खुर्ची तिच्याकडे वळवायची आणि विचारायचे : "नळी बसवायची का?" आणि रोज तिचे उत्तर एकच असते. आधी एकदा बोट दाबते, चांगले लांबवून. मग थांबून दोनदा, तुटक. एक दीर्घ, दोन ऱ्हस्व. एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. म्हणजे हो, नाही. मी म्हणतो, "दोन्ही कसे? एक काही तरी सांग." ती पुन्हा तेच करते. हो, नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते आणि ते पुसतानाही बोटाचे तेच चाललेले असते.

भिंगरी, जगावे की जाऊ द्यावे, या दोन टोकांत ती अशी रोज ओढली जात आहे, आणि रोज विचारून विचारून मीच तिला ओढीत आहे. डॉक्टर म्हणाले, "मनाची ओढाताण आहे. गोळी वाढवू." मी मान डोलावली.

परिचारिका बाई म्हणाल्या, "ते धूड आधी नजरेआड करा. बघून बघून झुरतायत त्या." ते मला पटले. काल तो डबा आणि पडदा उचलून मी मागच्या खोलीत नेऊन ठेवला. परत आलो, तेव्हा तिचे बोट हलत नव्हते. विचारले, "आता बरे वाटते?" उत्तर नाही. "नळी?" उत्तर नाही. कालपासून तिने एकदाही बोट उचललेले नाही. छताकडे पाहत असते. माझ्याकडे पाहत नाही.

अठ्ठावीस तारखेला शस्त्रक्रियेची खोली राखून ठेवली आहे. त्या आधी मी हो किंवा नाही लिहून द्यायचे आहे. हो लिहिले आणि तिच्या मनात नाही असले, तर मी तिला वर्षानुवर्षे कोंडले असे होईल. नाही लिहिले आणि तिच्या मनात हो असले, तर काय होईल, ते लिहायला हा हात धजत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या मनातले मला न विचारता कळते, अशी माझी घमेंड होती. आता विचारूनही कळत नाही.

तुला काही सुचत नसेल, तर तसेच लिही. कोरा कागद पाठवू नकोस.

मामा

२२ मार्च

मामा,

हे पत्र साइटचा ड्रायव्हर स्वतः तुमच्या हातात देईल. घंटा न वाजवता दार बडव, असं त्याला सांगितलंय.

मामी हो-नाही म्हणत नाहीये. ती तुमच्या प्रश्नाला उत्तरच देत नाहीये.

एक लांब आणि दोन तुटक, ही मशीनची ओरड आहे. पडद्याचं कार्ड नीट बसलेलं नसलं की अशा जातीचं मशीन पीं— पीं पीं असंच ओरडतं. ते मुकं नाही, मामा. पहिल्या दिवसापासून ओरडतंय. मामीला ते ऐकू येतंय आणि ती तुम्हाला जसंच्या तसं वाजवून दाखवतेय. 'आ' म्हणजे आग नाही, आस नाही. आवाज.

तुम्हाला ऐकू येत नाही, मामा. घंटा बिघडलेली नाही. फोनही वाजत होता. माझे उच्चार लहानपणापासून आहेत तसेच आहेत. हे असं तोंडावर लिहायला मला कसंतरी होतंय, पण मामीचं बोट आणि अठ्ठावीस तारीख यांच्यामध्ये तुमचा मान ठेवायला जागा नाही. आणि डोळ्यांनी बघितलेलं तेवढं तुम्हाला विचारायचं सोडून मी कानांचं विचारलं, आणि उत्तर डोळे झाकून खरं धरलं. तेव्हा शहाणी मीही नाही.

डबा परत मामीच्या उशाशी आणा. वाढवलेल्या गोळीचं डॉक्टरांना आजच विचारा, ती उतरायला हवी. मग वायर काढून डबा उघडा. मॉनिटरची केबल बाहेरून जिथे लागते, तिथेच आतल्या बाजूला एक आडवी पाटी असेल, तेच पडद्याचं कार्ड. तिचा स्क्रू काढा, पाटी सरळ वर ओढा, कड घासा, खाच फुंकून साफ करा आणि पाटी दाबून बसवा. पुन्हा चालू करताना डब्याकडे बघू नका. मामीच्या बोटाकडे बघा. सगळं ठीक असलं तर मशीन एकदाच, तुटक ओरडतं.

भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचल्यावर मी दारापाशी गेलो आणि घंटेचे बटण स्वतः दाबले. तुझा ड्रायव्हर शेजारी उभा होता. "वाजली का हो?" मी विचारले. त्याने होकारार्थी मान डोलावली आणि जमिनीकडे पाहिले. याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही.

डबा त्यानेच उचलून आणला. गोळीविषयी डॉक्टरांना भेटलो. त्यांनी ती थांबवली. एक रात्र जाऊ दिली. काल सकाळी मामीची नजर स्वच्छ होती, मात्र ती छताकडेच लागलेली होती. मी तिच्या डोळ्यांसमोर वाकून म्हणालो, "यंत्र ओरडते, असे तू मला सांगत होतीस. मला ऐकू येत नाही, म्हणून मला समजले नाही. आता तू ऐक आणि मला सांग." तिने माझ्याकडे पाहिले. किती तरी दिवसांनी पाहिले.

बोट पाहण्यावर माझा भरवसा उरला नव्हता. म्हणून तिची तर्जनी मी माझ्या डाव्या तळहातावर घेतली आणि उजव्या हाताने बटण दाबले. दिवा लागला. मला नेहमीचीच शांतता ऐकू आली, आणि त्या शांततेत तळहातावर आधी एक लांब दाब पडला, मग दोन तुटक.

पाटी काढली, घासली, बसवली. पुन्हा तिचे बोट हातात घेतले. एक दीर्घ, दोन ऱ्हस्व. पुन्हा काढली. स्क्रू हातातून निसटून खाटेखाली घरंगळला आणि मी जमिनीवर पालथा होऊन तो शोधला. खाच फुंकली, तर धुळीचा बोळा निघाला. पाटी अंगठ्याच्या सगळ्या जोराने दाबली. बटण दाबले. तळहातावर एक तुटक ठोका पडला. मी दुसऱ्याची वाट पाहत राहिलो. तो आला नाही. वर पाहिले, तर पडदा उजळत होता.

तिचा मजकूर जसाच्या तसा देतो. विरामचिन्हांवर ती दाब खर्च करीत नाही, आणि मीही ती घातलेली नाहीत.

पहिले वाक्य : "कान तपासा आधी"

मी म्हणालो, "तपासतो. नळीचे काय?"

"नळी नको"

 वाद घालणार नाही, असे मी स्वतःला बजावले होते, तरी घातला. काही वर्षे मिळतात, म्हणालो. भिंगरी नवीन यंत्र बसवून देईल, म्हणालो. मी चुकलो, पुन्हा चुकणार नाही, असेही म्हणालो. मग तिने लिहायला घेतले. एवढ्या ओळींना जेवणाची वेळ टळून गेली :

"हे तीन आठवडे मी पाहिले बोट गेले की रोज असेच असणार तुम्ही विचारणार मी सांगणार तुम्हाला भलतेच कळणार तुमचा दोष नाही पण तसे वर्षानुवर्षे नको"

मी विचारले, "यंत्र बंद पडले नसते, तर त्या दिवशी काय सांगणार होतीस?"

चौकोन 'अ'पासून निघाला, सगळ्या वर्णमालेवरून फिरला आणि पुन्हा 'अ'वर आला. तिने दट्ट्या दाबला नाही. मी पुन्हा विचारले नाही.

दुपारी तिच्यासमोर बसून डॉक्टरांना पत्र लिहिले : रुग्णाने पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या शब्दांत नकार दिला आहे, अठ्ठावीस तारखेची खोली रद्द करावी. तिला मोठ्याने वाचून दाखवले. "रद्द करावी" या शब्दांशी माझा आवाज फुटला असावा. मला ऐकू आला नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळले.

काल आणि आज आम्ही बोलत आहोत. बोट मंदावले आहे. मागच्या महिन्यात ओळीला लागत असे तेवढा वेळ आता शब्दाला लागतो. यंत्र मी बंद केलेले नाही. बंद केले आणि पुन्हा उठले नाही, तर? पंख्याचा वारा रात्रंदिवस माझ्या पोटऱ्यांना लागत असतो. बाहेरची कामे परिचारिका बाई करतात. मी पडद्यासमोरून हलत नाही.

"भिंगरीला काही लिहायचे आहे का?" असे तिला आत्ताच विचारले. तिने एकदा बोट दाबले. खालचा मजकूर तिचा. मी तो फक्त उतरवून घेत आहे.

"भिंगरी रजा मिळो न मिळो ये मी गेल्यावर हे यंत्र बंद करावे लागेल ते मामांच्याने होणार नाही तू कर"